बेचिराख होण्याचा क्रम: पडक्या शहरांच्या कादंबऱ्या, सांगलीतून वाचलेल्या

मातीच्या भिंतीचं घर पुरात पडत नाही, पूर उतरल्यावर पडतं. पाणी आत-बाहेर सारख्या उंचीवर उभं असतं तोवर भिंतीला दोन्ही अंगांनी टेकू असतो. पाणी गेलं की टेकू गेला. भिजून लोण्यासारखी झालेली पांढरी माती माळवदाचं ओझं पेलत नाही आणि दोन-तीन दिवसांनी, ऊन पडून सगळे घरी परतायच्या गडबडीत असताना, भिंत बसते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या सांगलीकराला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे एखाद्या विज्ञानकादंबरीत बुडालेलं शहर पंप लावून कोरडं केलं, की इथला वाचक समासात पेन्सिलीने लिहिणार: भिंती कधी पडल्या?

हे परीक्षण त्या पेन्सिलीने लिहिलंय. कादंबऱ्या सगळ्या इंग्रजीतल्या, नावाजलेल्या आहेत. पात्रं कशी, भाषा कशी यावर भरपूर लिहून झालंय. शहर नीट मोडलंय का, एवढंच इथे तपासलंय.

पडकं शहर हा विज्ञानकादंबरीचा हुकमी माल. मुखपृष्ठावर मोडका टॉवर, वेलींनी गिळलेला पूल, गंजलेली गाडी. चित्र देखणं असतं, पण शहर असं एका झटक्यात पडत नाही. त्याला क्रम असतो आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळे येते. वीज जाते. वीज गेली म्हणून पंप थांबतात. पंप थांबले म्हणून जमिनीखालचं सगळं भरतं: तळघरं, भुयारं, वाहनतळ. गटारांच्या जाळ्या साफ करायला कुणी नाही म्हणून त्या पानांनी आणि प्लास्टिकने तुंबतात, पाणी रस्त्यावर येतं. गच्चीवरच्या पाइपचं तोंड बुजतं, पाणी वर साचतं, स्लॅब पाझरायला लागतो. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी छज्ज्याच्या सांध्यात धरतं, कारण तिथे आता कायम ओल आहे. आणि लोखंड, म्हणजे इमारतीचा सांगाडा, सगळ्यात शेवटी.

सांगाड्याचं गणित जरा उलगडून सांगायला हवं, कारण बहुतेक लेखक इथेच चुकतात. नव्या काँक्रीटमधला क्षार इतका तीव्र असतो (पीएच १२.५ च्या वर) की आतल्या सळीला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा क्षार मारतो. पीएच ९ च्या आसपास उतरला की सळीचं कवच गेलं. पण हे शिरणं वर्षांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने चालतं. पहिला सेंटिमीटर आत जायला जितकी वर्षं लागली, दोन सेंटिमीटरला त्याच्या दुप्पट नाही, चौपट लागतात. स्लॅबच्या सळीवर साधारण २० मिलिमीटर आवरण असतं, खांबाच्या सळीवर ४०. म्हणून छज्जे, सज्जे आणि संडास-बाथरूमखालचे स्लॅब आधी फुटतात, खांब कितीतरी नंतर. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, तेव्हा आवरणाचे पोपडे निघतात, सळ्या उघड्या पडतात. चेर्नोबिलशेजारचं प्रिप्यात १९८६ साली रिकामं झालं. तिथे छतं गळतात, गच्च्यांवर झाडं वाढली आहेत आणि बहुतेक इमारतींचे सांगाडे अजून उभे आहेत. जपानचं हाशिमा बेट १९७४ ला सुटलं. तिथली १९१६ सालची काँक्रीटची चाळ समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही अनेक दशकं उभी राहिली. तेव्हा एखाद्या कादंबरीत माणसं गेल्यावर वीस वर्षांत चाळीस मजली इमारतीचा ढिगारा झालेला दिसला, तर एक तर मध्ये युद्ध किंवा भूकंप दाखवलेला हवा, नाहीतर लेखकाने मुखपृष्ठ बघून शहर लिहिलंय.

या कसोटीवर सगळ्यात वरची जागा जॉर्ज आर. स्ट्युअर्टच्या ‘अर्थ अबाइड्स’ची, आणि ती १९४९ ची आहे. रोगाने बहुतेक माणसं मरतात, इशरवुड विल्यम्स ऊर्फ ईश हा तरुण सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी उरतो. स्ट्युअर्ट बर्कलेला इंग्रजीचा प्राध्यापक होता, पण लिहितो एखाद्या पाणीपुरवठा अभियंत्यासारखं. कथेच्या मध्ये मध्ये तिरप्या ठशातले छोटे उतारे येतात. त्यांत माणूस नाहीच. उंदीर वाढतात, अन्न संपल्यावर कोसळतात. मुंग्यांची लाट येते आणि जाते. रस्ता, कुंपण, पाळीव जनावर, एकेकाचं पुढे काय होतं हे तो शांतपणे सांगतो. पुस्तक हातात आल्यावर आधी हे तिरपे उतारेच सलग वाचून काढले तरी चालतील. उरलेली कादंबरी त्यावरच उभी आहे.

दिव्यांचा भाग तर जवळून बघण्यासारखा. शहरातले दिवे माणसं मेल्यावरही बरेच दिवस जळत राहतात, कारण जलविद्युत केंद्रं आपोआप फिरतायत. मग ते मंद होतात, पिवळे पडतात आणि जातात. आपल्या महसुली कागदांत ओसाड गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. चिराग नसलेलं, दिवा न लागणारं. गाव जळालं की पडलं याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही, दिवा लागत नाही एवढंच. स्ट्युअर्टला हा शब्द ठाऊक असता तर त्याने त्या प्रकरणाला तोच मथळा दिला असता.

आज मात्र हे असं होणार नाही, आणि का नाही ते सातारा-सांगलीच्या वाचकाला चटकन कळेल. कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. धरणात पाणी आहे, टर्बाइन शाबूत आहे, मग दिवे महिनाभर का जळू नयेत? कारण आजचं केंद्र एकटं नसतं, ग्रिडला बांधलेलं असतं. मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवून वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते. कोळशाची केंद्रं बंद पडू लागली, मागणी कशीही खालीवर झाली, की संरक्षक रिले आपणहून एकेक केंद्र तोडून टाकतात. ते तोडण्यासाठीच बसवलेत. ३१ जुलै २०१२ ला माणसं जागेवर असूनही निम्म्या देशाची वीज गेली होती. माणसं नसतील तर काही तासांचा खेळ. म्हणजे स्ट्युअर्टचं वर्णन त्याच्या काळाला बरोबर आणि आजच्याला चूक. आजचा लेखक ते उचलून वापरत असेल तर दोष त्याचा.

पाण्याचा भाग आजही बरोबर आहे. ईशच्या नळाला कित्येक वर्षं पाणी येत राहतं, कारण ते टेकडीवरच्या साठ्यातून उताराने येतं. थांबतं तेव्हा कारणही साधं निघतं: पाइप गंजून गळाले. इथे एक स्थानिक हिशेब करून बघा. साताऱ्याला कासचं पाणी उताराने येतं, तिथे ईशचं कुटुंब बराच काळ तगलं असतं. शहापूर योजनेवरच्या पेठांत नाही, ते पाणी उपशाचं. सांगली तर अख्खी कृष्णेच्या उपशावर. वीज गेली त्याच संध्याकाळी टाकीत होतं तेवढंच पाणी, आणि नदी दारात असून घागर घेऊन घाटावर जायचं. एकाच खोऱ्यातली दोन शहरं वेगवेगळ्या वेगाने मोडतील. स्ट्युअर्ट वाचल्यावर आपल्या गावाकडे असं बघता येतं, आणि या यादीतल्या फार थोड्या पुस्तकांनी ते साधलंय.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मधला शंभरेक पानांचा पट्टा रेंगाळतो, बायकांची कामं आणि समाजाच्या कल्पना १९४९ च्याच आहेत. तरी एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर हे घ्या.

रिचर्ड जेफरीजचं ‘आफ्टर लंडन’ १८८५ चं. फुकट आहे, प्रताधिकार संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून उतरवता येतं. पुस्तकाचे दोन भाग आहेत. दुसऱ्यात सरदार, होड्या, प्रेम, साहस. तो आम्ही कुणाला वाचायला सांगणार नाही. पहिला भाग मात्र थक्क करतो. शेतं आधी जातात, रस्ते मग. उभं पीक कापलं जात नाही, उंदीर माजतात. मग नद्या. वाहत आलेला लाकूडफाटा पुलांच्या कमानींत अडकतो, गाळ धरतो, पूल म्हणजे बंधारा होतो. पाणी मागे फुगतं, शहराच्या पोटातल्या गटारांत आणि भुयारांत शिरतं, वरची घरं आत बसतात, आणि लंडनच्या जागी विषारी दलदल उरते. पुलाला अडकलेला पालापाचोळा आणि मागे चढणारी फूग ज्यांनी पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून बघितलीय, त्यांना हे १८८५ चं वाटणार नाही. जमिनीखालचं आधी जातं हेही जेफरीजने ओळखलं होतं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाऊस नसतानाही रोज लाखो गॅलन पाणी उपसावं लागतं. आपल्याकडे सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेली, तोंड लिंपून हवाबंद केलेली, वर्षानुवर्षं हळद किडीपासून राखणारी कोठारं. २००५ च्या पुराने त्यांतली बहुतेक निकामी केली. वरची घरं धुऊन-पुसून परत वापरात आली, पेवं आली नाहीत.

आता पेन्सिलीतल्या त्या प्रश्नाकडे. जे. जी. बॅलर्डची ‘द ड्राउन्ड वर्ल्ड’ (१९६२) सांगलीकरांनी वाचायलाच हवी आणि भांडत भांडत वाचायला हवी. सूर्यावरच्या वादळांनी हवामान तापतं, ध्रुवावरचा बर्फ वितळतो, लंडन उष्ण कटिबंधातलं तळं होतं. खालचे मजले पाण्यात, वरच्या मजल्यांत घोरपडीसारखे इग्वाना. केरान्स नावाचा शास्त्रज्ञ रिट्झ हॉटेलच्या वरच्या खोल्यांत जनरेटर लावून, एसी चालवून राहतो. बॅलर्डचं बालपण शांघायमध्ये गेलं, दुसऱ्या महायुद्धात तो तिथल्या जपानी छावणीत होता. सोडून दिलेलं शहर त्याने लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं, ते पानोपानी जाणवतं.

गाळ त्याने सगळ्यात चांगला लिहिलाय. इतर लेखक पूर म्हणजे पाणी समजतात. बॅलर्डला माहीत आहे की पूर म्हणजे गाळ. नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाने किनाऱ्यांचे आकार बदललेत, रस्त्यांत गाळाचे बांध तयार झालेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५), पण लोकांच्या बोलण्यात आकड्यापेक्षा गाळच जास्त येतो. तो ओला असतानाच काढावा लागतो. दोन-तीन दिवस ऊन लागलं की त्याच्या भेगाळलेल्या पाट्या होतात, खालून फरशीला आणि कडेने दाराच्या चौकटीला चिकटतात, मग फावडं चालत नाही, पहार लागते. स्विचबोर्डाच्या आत गेलेला गाळ कोरडा झाला की वरून स्वच्छ दिसतो आणि वीज सुरू करताच धूर निघतो.

मग कादंबरीत स्ट्रँगमन नावाचा लुटारू येतो. रस्त्यांची तोंडं बंद करून, पंप लावून लेस्टर स्क्वेअरचा परिसर कोरडा करतो. हा प्रसंग वातावरण म्हणून अप्रतिम: गाळाने माखलेले रस्ते, सडक्या शेवाळाचा वास, वर येऊन उघडे पडलेले सिनेमागृहाचे दरवाजे. बांधकाम म्हणून मात्र गडबड आहे. अनेक दशकं पाण्याखाली राहिलेल्या विटांच्या इमारती, सांध्यांतला चुना विरघळलेला, पाया मऊ मातीत. बाहेरच्या तळ्यात पाणी तसंच, आतलं काही दिवसांत उपसलं. सगळा दाब एका बाजूने. गाळाच्या बांधाखालून झिरपा सुरू झाला पाहिजे, आधी स्वच्छ पाण्याचा आणि मग माती घेऊन येणाऱ्या गढूळ पाण्याचा. धरणावर काम केलेला माणूस गढूळ झिरपा दिसला की पळतो. कोरड्या झालेल्या भागातल्या अर्ध्याअधिक भिंती पहिल्या आठवड्यातच बसायला हव्यात. बॅलर्डच्या भिंती आज्ञाधारकपणे उभ्या राहतात, कारण त्याला तिथे प्रसंग घडवायचाय. शिवाय स्ट्रँगमनच्या काळ्या खलाशांचं चित्रण आज वाचताना अंगावर येतं, तेही आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुस्तक छोटं आहे, दोनशे पानांच्या आतबाहेर. घ्या. गाळासाठी घ्या.

त्याच लेखकाची ‘हाय-राइझ’ (१९७५) पाण्याशिवायची पडझड आहे. एक इमारत, ४० मजले, १,००० फ्लॅट, २,००० माणसं. दहाव्या मजल्यावर बाजार, बँक, शाळा, पोहण्याचा तलाव. ३५ व्यावर आणखी एक तलाव. वर श्रीमंत, मध्ये डॉक्टर-वकील, खाली विमानातले कर्मचारी आणि टीव्हीवाले. बाहेरून काहीच होत नाही. रोग नाही, युद्ध नाही. काही मजल्यांची वीज जाते, कचरा खाली टाकायची नळी तुंबते, लिफ्ट अडकवून ठेवल्या जातात, आणि तीन महिन्यांत इमारत टोळ्यांच्या ताब्यात जाते.

विश्रामबागेतल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या सेक्रेटरीला विचारा, क्रम तो असाच सांगेल, फक्त कमी रक्ताचा. मेंटेनन्स थकतो. लिफ्टचा वार्षिक करार आधी तुटतो, कारण ती रक्कम मोठी आणि तळमजलेवाल्यांना ती द्यायची नसते. मग जिन्यातले दिवे. मग वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि भिंतीतून उतरणारी ओल, जिच्यावर दोन फ्लॅटवाले ‘तुमच्या बाथरूमची’, ‘तुमच्या गॅलरीची’ म्हणत वर्षभर बोलत नाहीत. बॅलर्डने नेमकं हेच पकडलंय: इमारत मोडते ती सामाईक जागांतून. फ्लॅटच्या आत बराच काळ सगळं लखलखीत असतं.

एका ठिकाणी मात्र त्याने सोपी वाट धरली. एवढ्या उंच इमारतीत पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने चढवावं लागतं. वीज गेली की वरच्यांची तहान आधी सुरू होते, खालच्यांना निदान रस्त्यावरून बादली आणता येते. म्हणजे पाण्याच्या बाबतीत वरचा मजला हा गरिबांचा. वर्गयुद्धावरच्या कादंबरीला याहून चांगलं हत्यार मिळालं नसतं, पण कचरा आणि लिफ्ट यांना दिलेली बारकाई त्याने पाण्याला दिलेली नाही. कुत्र्यांचे हाल वाचणं ज्यांना सोसत नसेल त्यांनी हे पुस्तक टाळावं. सुरुवातच तिथून होते.

फिलिप के. डिकच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ (१९६८) मध्ये इमारती पडतच नाहीत. अणुयुद्धानंतरची धूळ आहे, लोक परग्रहावर निघून गेलेत, आणि जॉन इझिडोर नावाचा माणूस एका प्रचंड रिकाम्या इमारतीत एकटा राहतो. तिथे वाढतं ते ‘किपल’. जाहिरातींची पत्रकं, काड्यापेट्यांची पाकिटं, च्युइंगगमचे कागद, असल्या निरुपयोगी वस्तू. तुम्ही झोपलात की ते आपोआप दुप्पट होतं आणि किपल नसलेल्याला हाकलून लावतं, असा इझिडोरचा सिद्धांत. मराठीत ‘अडगळ’ म्हणावं तर अडगळीत जीव असतो. आजीचा पाटा, मोडका पाळणा, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला. किपल कधीच लागणार नसतं. ‘केरकचरा’ जवळ येतो, पण कचरा निदान बाहेर टाकायचा असतो. वाड्याच्या बंद खोलीचं दार दहा वर्षांनी उघडलं की जे समोर येतं, ते. डिकचं म्हणणं मोलाचं आहे: कोसळणं ही पडझडीची एकच तऱ्हा. साचणं ही दुसरी, आणि ती आधी सुरू होते.

विकत घेताना एक बघा. मूळ आवृत्तीत कथा १९९२ साली घडते, नंतरच्या आवृत्त्यांत ते साल २०२१ केलंय. दोन मित्रांकडे दोन आवृत्त्या असतील तर वाद होतो. शिवाय ‘ब्लेड रनर’ (१९८२) बघून पुस्तकाकडे वळणाऱ्यांची निराशा होण्याची शक्यता आहे. चित्रपटातलं शहर गर्दीचं, पावसाचं, निऑन दिव्यांचं. पुस्तकातलं रिकामं आणि धुळीचं. सांगलीच्या बाजारपेठेतला पावसाळा पाहिजे असेल तर चित्रपट, मे महिन्यातली दुपार पाहिजे असेल तर पुस्तक.

पाओलो बाचिगालुपीची ‘द विंडअप गर्ल’ (२००९) ही पंपांची कादंबरी आहे. ह्युगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळवलेली. समुद्र चढलाय, बँकॉक तटबंदीच्या आत समुद्रसपाटीखाली उरलंय, आणि शहर जगतं ते कोळशावर चालणाऱ्या पंपांवर. पंपांचा ताबा कुणाकडे, त्यांच्या सुट्या भागांची परवानगी कोण देतो, यावर सत्ता ठरते. पाणी आत येण्याआधी भ्रष्टाचार आत येतो हे त्याला अचूक कळलंय. जुन्या भरभराटीच्या काळातले काचेचे टॉवर आता निर्वासितांचे निवारे झालेत. एसीच्या भरवशावर बांधलेली काचबंद इमारत वीज गेल्यावर भट्टी होते, खिडकी उघडायची सोयच नसते, आणि वीस मजले चढून जाणाऱ्यालाच स्वस्त जागा मिळते. कोणत्याही भरजरी वर्णनाविना हे सगळं येतं. तक्रारी दोन. एवढं ऊन असताना सगळी ऊर्जा जनावरांकडून स्प्रिंगला किल्ली देऊन साठवायची, हे पटत नाही. आणि एमिको या पात्रावरच्या लैंगिक अत्याचाराची वर्णनं लांबलचक, काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त आहेत. घरात शाळकरी मूल मिळेल ते वाचत असेल तर वरच्या फळीवर ठेवा.

बाकीची थोडक्यात. सॅम्युअल डिलेनीची ‘डालग्रेन’ (१९७५) आठशे पानांची आहे. बेलोना शहर जळत राहतं, पण काय जळलं आणि काय शाबूत याचा हिशेब मुद्दामच लागू दिलेला नाही. आमची कसोटी तिथे गैरलागू. शंभर पानं वाचून बघा, नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. ऑक्टेव्हिया बटलरची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३) २०२४ सालात सुरू होते, पाणी पेट्रोलपेक्षा महाग, मोहल्ल्याला भिंत. तिथे शहर बांधकामातून मोडत नाही, पगार आणि पोलीस यांतून मोडतं, आणि ते भयंकर खरं वाटतं. विल्यम गिब्सनच्या ‘व्हर्च्युअल लाइट’मध्ये (१९९३) भूकंपानंतर बंद पडलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर बेघरांनी प्लायवूड आणि दोरखंडांची वस्ती उभी केलीय. पुलावरची वस्ती मजेदार, कथानक बेताचं. पोलादी पुलाला रंगाची सततची डागडुजी लागते, ती थांबल्यावर त्यावर आणखी वजन चढवत नेलं तर काय होईल हे विचारायचं गिब्सन टाळतो. प्रयाग अकबरची ‘लैला’ (२०१७) आपल्याकडची: जातीधर्माच्या भिंतींनी वाटलेलं शहर, पैसेवाल्यांसाठी उंचावरचे रस्ते, खाली कचरा. कचरा कुठे टाकला जातो यावरून शहराची जात कळते, हे सांगायला इतर कुठल्याच कादंबरीला सुचलेलं नाही.

मराठीत काय? विज्ञानकथा भरपूर, कादंबऱ्या कमी, आणि शहर हेच मुख्य पात्र असलेली तर शोधावी लागेल. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईवर बर्फ पडतो, पण ती कथा आहे आणि तिचा जीव कल्पनेत आणि शास्त्रज्ञांच्या वादात आहे. नळ गोठल्यावर चाळीतल्या पाइपांचं काय झालं याला तिथे जागा नाही. शब्दांची मात्र आपल्याकडे ददात नाही. ओसाड, उजाड, भकास, पडीक, बेचिराख, आणि प्रत्येकाची छटा वेगळी. पडीक जमीन उद्या नांगरता येते, उजाड गाव कुणीतरी उजाड केलेलं असतं. भिंतीवर फुलणाऱ्या पांढऱ्या क्षाराला ‘लोणा’ हा एवढासा शब्द आहे. पूर उतरून भिंत वाळायला लागली की काही आठवड्यांत तो येतो, खरवडला की परत येतो, आणि वरून कितीही महाग रंग दिला तरी पापुद्रा धरून खाली आणतो, कारण ओल आतून येते आणि क्षार बरोबर घेऊन येते. गिलावा काढून, भिंत महिना-दोन महिने उघडी वाळू देऊन मगच नवा गिलावा करायचा असतो. लोण्याचं एक पान कुणी नीट लिहिलं तरी मराठी विज्ञानकादंबरीला सुरुवात होईल.

घ्यायचं कसं ते शेवटी. स्ट्युअर्ट, बॅलर्डची ‘द ड्राउन्ड वर्ल्ड’, डिक आणि डिलेनी हे गोलँझ प्रकाशनाच्या ‘एसएफ मास्टरवर्क्स’ मालिकेत आहेत. कागद हलका, बांधणी गोंदाची, पण अक्षर वाचता येतं. ‘डालग्रेन’ गोंदाच्या बांधणीत दोनदा उघडून पालथं ठेवलं की मधून फुटतं. ते ई-बुकच घ्या. ‘आफ्टर लंडन’च्या मागणीनुसार छापलेल्या स्वस्त प्रती ऑनलाइन दिसतात, त्यांत स्कॅनमधल्या चुका तशाच राहतात, काहींत प्रकरणांची नावंच गायब, फुकटची डिजिटल प्रत त्यापेक्षा बरी. पदपथावर घेत असाल तर तीन गोष्टी बघा. मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं धुरकट आहेत का, आतला समास शिवणीत गेलाय का, आणि मधली सोळा पानं दोनदा किंवा एकदाही नाहीत असं झालंय का. यातलं काहीही असलं तर ती चोरटी प्रत.

आणि सांगलीत गावभाग, खणभाग, मारुती चौक या पुराच्या बाजूला राहत असाल तर पुस्तकं तळमजल्यावर ठेवूच नका. २०१९ मध्ये शहरातल्या जुन्या वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. भिजलेल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. सगळी एकदम वाळवणं जमणार नसेल तर पुस्तक न उघडता, गाळ वरून हलक्या हाताने धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, मग सवडीने चार-चार काढून पंख्याखाली उभी करून, पानांत कोरा टिपकागद घालून वाळवता येतात. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. उन्हात तर मुळीच नको, पाठ आखडते आणि गोंद सुटतो. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं आधी घ्या, ती वाळताना पानं एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत.